शांततेच्या कामालाही अर्थसंकल्पात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलरांवर गेल्याचे स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या शांतता-संशोधन संस्थेने जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे वार्षिक अंदाजपत्रक साडेपाच अब्ज डॉलरांच्या आसपास असते, म्हणजे लष्करावरच्या शंभर रुपयांमागे जेमतेम वीस पैसे. आपल्या देशाची २०२५-२६ ची संरक्षण तरतूदही ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. सीमेवर सुसज्ज सैन्य हवेच. पण सुरक्षितता तेवढ्यानेच मिळते, ही समजूत चंबळच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरकरांनी तरी बाळगू नये.

बेहडांत, म्हणजे चंबळकाठच्या घळींत, पोलीस आणि डाकूंच्या वर्षानुवर्षे चकमकी झाल्या, तरी जमिनीचे तंटे आणि घराण्यांची वैरे कायम राहिल्याने नव्या टोळ्या उभ्या राहतच होत्या. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैना भागातून पायी फिरले आणि वीस बागींनी (डाकूंना आमच्याकडे बागी म्हणतात) त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्या कामी मध्यस्थी करणारे यदुनाथ सिंह हे सैन्यातले मेजर जनरल होते, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण व प्रभावतीदेवी यांच्या उपस्थितीत माधो सिंह, मोहर सिंह आणि त्यांचे साथीदार एकेक करून पुढे आले व गांधीजींच्या तसबिरीपुढे त्यांनी बंदुका ठेवल्या. त्यामागे मोठी तयारी होती. गांधीवादी कार्यकर्ते सुब्बराव यांचा आश्रम आधीपासूनच जौऱ्यात होता, फाशी होणार नाही असा भरवसा दिला गेला होता, आणि नंतर मुंगावलीच्या खुल्या कारागृहापासून कुटुंबांच्या पुनर्वसनापर्यंत बरेच काही करावे लागले. हे काम चिकाटीचे, वेळखाऊ आणि पैसा मागणारे असते.

आजही आमच्याकडे वरातीत परवान्याची बंदूक खांद्याला लावलेली माणसे दिसतात. त्या बंदुकीने बांधावरचा एकही तंटा मिटल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये युरोपीय संघाने १९९५ पासूनच, म्हणजे १९९८ चा शांतता करार होण्याच्याही आधी, कॅथलिक व प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांना जोडणाऱ्या कामांसाठी निधी दिला. मे २०२३ पासून मैतेई-कुकी संघर्षात होरपळणाऱ्या मणिपूरसाठी आपणही निमलष्करी दलांच्या बरोबरीने प्रशिक्षित मध्यस्थ, विस्थापितांची घरे आणि दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांच्या बैठका यांसाठी वेगळी, दरवर्षीची तरतूद करावी, आणि तिचा हिशेब संरक्षण खर्चासारखाच संसदेपुढे यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर