‘किरकोळ कारण’ छापू नका

महोदय,

‘किरकोळ कारणावरून कोयत्याने वार’ ही ओळ पुण्याच्या बातम्यांत इतकी रुळली आहे की वाचणारा थांबतही नाही. मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून नोकरी केली, विधिसंघर्षग्रस्त बालकांचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांचे, सामाजिक तपासणी अहवाल लिहिले. त्या मुलांपैकी एकाच्याही तोंडून मी किरकोळ कारण ऐकलेले नाही.

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतला सोळा वर्षांचा एक मुलगा. चिडवले म्हणून त्याने ओळखीच्या पोरावर कोयता चालवला. त्या पोराची दोन बोटे गेली. पहिल्या तीन भेटींत ‘खुन्नस देत होता’ यापलीकडे अक्षर नाही. चौथ्या भेटीत चिडवण्याचा शब्द सांगितला : ‘नागड्या’. तो नऊ वर्षांचा असताना बापाने त्याचे कपडे काढून त्याला सार्वजनिक नळावर उभे केले होते, सकाळी, पाण्याला रांग लागलेली असताना. सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

बोटे गेलेल्या पोराच्या आईलाही मी भेटले आहे. मी कुणाची वकिली करत नाही. घरी मार खाल्लेली बहुतेक मुले पुढे हिंसक होत नाहीत, हेही खरे. पण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सेठ पोलॅक यांनी मुलांना धूसर चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले, तेव्हा मारहाण झालेल्या मुलांनी राग इतरांच्या आधी ओळखला. घरात जीव वाचवणारी ही सवय चौकात ‘खुन्नस’ होते.

सोळा वर्षांवरील मुलाच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडला, तर बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्याची मानसिक क्षमता आणि गुन्ह्यामागची परिस्थिती बाल न्याय मंडळाने तपासायची असते. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. माझी कळकळीची मागणी एवढीच, की त्या तज्ज्ञाने एका भेटीत अहवाल आटपू नये. माझ्यासमोरचा मुलगा चौथ्या भेटीत बोलला.

आणि आपण ‘किरकोळ’ हा शब्द सोडावा. कारण कळले नसेल, तर ‘कारण समजू शकले नाही’ एवढेच छापावे.

– एक निवृत्त परिविक्षा अधिकारी, धनकवडी, पुणे