ग्रहणातली काकडी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू विचारलंस, "आई, माझा हा आजार माझ्या बाळाला होईल का?" आणि मी "जेवलीस का?" म्हणून विषय बदलला. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तू 1999च्या डिसेंबरची. त्या वर्षी 11 ऑगस्टला सूर्यग्रहण होतं आणि मला पाचवा महिना. पेठेतल्या आपल्या जुन्या स्वयंपाकघरात भूक आवरेना म्हणून मी एक काकडी चिरली. आजीने पाहिलं. पुढे तुझ्या पाठीवर तो कॉफीच्या रंगाचा डाग दिसला, कोकणच्या किनाऱ्यासारखा वेडावाकडा, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काकडी." मांडीचं हाड मोडलं तेव्हाही काकडीच. हसशील तू, पण मी ती कित्येक वर्षं उरावर वागवली.

2004 साली बालवाडीतून निरोप आला, लगेच या. फ्रॉकला मागे रुपयाएवढा लाल डाग. मला वाटलं घसरगुंडीवरून पडलीस. चार वर्षांच्या पोरीला पाळी, हे मनात येणार तरी कसं? सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणाले, अंडाशयच काढून टाकू, प्रश्न मिटेल. फॉर्म समोर होता. बाबाने पेन खाली ठेवलं, "जरा थांबू." महिन्याभरात गाठ आपोआप जिरली. ते पेन त्याने खाली ठेवलं नसतं तर, हा विचार अजून येतो.

पुढच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम. पाठीवरचा डाग, मोडलेलं हाड, ही पाळी, सगळं त्या एकाच आजाराचं. मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता अंडाशय स्वतःच गाठ करतं, इस्ट्रोजेन हे पाळीचं संप्रेरक बनवतं. गाठ सुकली की ते उतरतं आणि रक्तस्राव होतो. त्यामुळे मेंदूकडचा हुकूम थांबवणारी इंजेक्शनं यावर चालत नाहीत. तुला नंतर लेट्रोझोल दिली, इस्ट्रोजेन बनणं रोखणारी गोळी. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, "ही कॅन्सरची गोळी, आजींसाठी का?" तू माझं बोट धरून उभी होतीस.

आता तुझा प्रश्न. नाही, होणार नाही. जीएनएएस नावाच्या जनुकातला हा बदल माझ्याकडूनही आला नाही आणि बाबाकडूनही. गर्भ राहिल्यावर अगदी सुरुवातीला, मोजक्या पेशी असताना, एकीत तो झाला. तिच्यापासून झालेल्या पेशींतच तो आहे, म्हणून काही हाडं कमजोर, काही धडधाकट. असा बदल आईबापांकडून मुलाकडे गेल्याचं आढळलेलं नाही. ग्रहण लागलं तेव्हा ते होऊन महिने लोटले होते. काकडी निर्दोष!

दिवस राहायला मात्र वेळ लागू शकतो. गाठीचं इस्ट्रोजेन मेंदूला गप्प करतं, मग बीज सुटत नाही. पण हा आजार असलेल्या कितीतरी बायकांना मुलं झाली आहेत. ठरवण्याआधी थायरॉइड तपास, हाडांच्या डॉक्टरांना ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे दाखव. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिडचं ते सलाइन घेतलं होतंस ना, ते औषध हाडांत वर्षानुवर्षं राहतं, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना न विसरता सांग. स्तनांच्या तपासण्या इतर मुलींपेक्षा लवकर कधी सुरू करायच्या, तेही विचार. आणि पाळीचा त्रास वाढला म्हणून कुणी पिशवी किंवा अंडाशय काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करायची नाही.

समीरच्या आईला काय सांगायचं ते तू आणि समीर ठरवा. आधी मी म्हटलं होतं, लपव. ते माझं चुकलं.

तुझ्या तपासण्यांची फाइल कुरियरने पाठवत नाही, त्या जुन्या एक्स-रेच्या प्लेटा हरवल्या तर परत मिळायच्या नाहीत. बाबा शनिवारी स्वारगेटहून रात्रीच्या गाडीने बंगळूरला येतोय, त्याच्याकडे देते. तो तुला काही विचारणार नाही. त्याला सगळं माहीत आहे, फक्त बोलायला जमत नाही.

तुझी,
आई