वाचनस्पर्धा संघांची घ्या

संपादक महोदय,

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन बहुतेक शाळांत तासाभरात उरकतो. त्याऐवजी त्या दिवशी ५-५ मुलांचे संघ करून १० पुस्तके द्यावीत आणि त्यांवरील प्रश्नस्पर्धेची अंतिम फेरी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी घ्यावी. प्रत्येक पुस्तकाच्या किमान ३ प्रती हव्यात; एकच असली की ती एकाच घरी अडकते. दिवाळीच्या सुटीत पुस्तके मुलांच्या दप्तरात असावीत, कपाटात नव्हे! दोन-तीन पुस्तके ३२ पानी, सचित्र ठेवली की अडखळत वाचणाराही संघाच्या उपयोगी पडतो.

‘हा प्रसंग कोणत्या पुस्तकातला?’ असे प्रश्न काढावेत, शेजारी पान क्रमांक लिहावा, म्हणजे वाद मिटतो. मलपृष्ठावरून काढलेले प्रश्न न वाचताही सुटतात, म्हणून शिक्षकांनी आधी पुस्तके वाचायलाच हवीत. खरी गोम वेगळीच: एक हुशार मूल सगळे वाचते, बाकीचे माना डोलावतात. त्यावर उपाय म्हणजे चर्चेला ३० सेकंद, पण उत्तर पाळीपाळीने प्रत्येकाने द्यायचे.

प्रतींचा खर्च जड वाटत असेल तर शेजारच्या शाळांनी पुस्तकांच्या पेट्या अदलाबदल कराव्यात. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या नाशकात एवढे जमायला हरकत नाही.

– काही वाचनप्रेमी शिक्षक, नाशिक