वरूडला रसाच्या कारखान्याआधी पॅकहाउस हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरूड शहराच्या विकासाची चर्चा निघाली की ती संत्र्याच्या रसाच्या मोठ्या कारखान्यावर येऊन थांबते. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण नागपुरी संत्र्याचा गुणधर्म ध्यानात न घेता ही मागणी रेटली, तर शहराच्या हाती कुलूप लागलेली शेड आणि थकलेले कर्ज येईल, अशी आम्हाला काळजी वाटते. त्याआधी पॅकहाउस, म्हणजे फळ धुऊन, निवडून, थंड करून भरण्याची जागा हवी.

नागपुरी संत्रा सोलून खाण्याचा. त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होऊ लागतो, तापवला तर आणखी लवकर. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असते, आंबट रसात त्याचे लिमोनिन होते आणि कडूपणा येतो. कडू द्रव्य शोषणाऱ्या खास रेझिनमधून रस गाळून हा कडूपणा काढता येतो, पण ती यंत्रणा आणि तिची देखभाल खर्चात पहिल्या दिवसापासून धरावी लागते. मग अर्काचे गणित. १०० किलो फळातून साधारण ४० किलो रस निघतो. तो १० ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचे, विरघळलेल्या घटकांचे शेकडा प्रमाण) धरला, तर ६५ ब्रिक्सचा घट्ट अर्क जेमतेम ६ किलो मिळतो. म्हणजे एक किलो अर्कामागे १६ किलो संत्रा. बाजारात जरा भाव चढला की कारखान्याला या हिशेबात बसणाऱ्या दराने कोणी माल देणार नाही आणि देऊही नये. शिवाय संत्र्याचे बहार, म्हणजे फळांचे हंगाम, दोनच: अंबिया ऑक्टोबरपासून हिवाळ्यात निघतो, मृग फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उरलेले सहा-सात महिने यंत्रे बंद, हप्ते मात्र सुरू.

चुरीचा, म्हणजे बाजारात न खपणाऱ्या बारीक फळाचा प्रश्न खरा आहे. पण नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीचा रसाचा मोठा प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला आहे. वरूडला चुरीचे संकलन केंद्र निघाले, तिथे वजनकाटा, ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि पुरेसे क्रेट असले आणि ब्रिक्सप्रमाणे दर फळ्यावर लिहिला गेला, तर चुरीला मिहानची वाट मिळते. त्यासाठी दुसरा कारखाना लागत नाही.

खरे नुकसान झाडापासून ट्रकपर्यंत होते. बगीचा उक्ता विकला की तोडणी व्यापाऱ्याच्या टोळीकडे जाते. घाईत फळ पिळून ओढले जाते आणि देठाजवळ सालीचा बारीक टवका निघतो. तोडताना तो दिसतही नाही, पण हिरवी बुरशी तिथूनच शिरते आणि दिल्ली-कोलकात्याला माल उघडल्यावर आजूबाजूची फळेही सडलेली निघतात. यावर उपाय साधा आहे. दव सुकल्यावर, क्लिपरने, देठ दोन-तीन मिलिमीटर ठेवून फळ कापावे. देठ लांब राहिला तर तोच शेजारच्या फळाला टोचतो. फळांचा ढीग उन्हात मातीवर न घालता थेट क्रेट भरावे. ट्रकमध्ये मोकळा भरलेला संत्रा तळाला दबतो, त्याची तूट व्यापारी पुढच्या सौद्यात शेतकऱ्याकडूनच वळती करतो.

शहरात वॅक्सिंगचे, म्हणजे फळाला मेणाचा थर देण्याचे काम नवे नाही, पण ते नीट व्हायला हवे. धुण्याच्या हौदात क्लोरीन हवे आणि पाणी गढूळ झाले की बदलायला हवे, नाहीतर हौदच बुरशी वाटत सुटतो. फळ पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मेण धरत नाही. मेणाचा थर जाड झाला तर फळ गुदमरते आणि आंबूस वास मारते. त्यानंतर व्यासाप्रमाणे प्रतवारी, पूर्वशीतकरण (साठवणीआधी फळातली उष्णता काढणे) आणि ६ ते ७ अंश सेल्सिअस, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेची शीतखोली. अशा खोलीत चांगले फळ सहा आठवड्यांच्या आसपास टिकते. बटाट्याच्या ३-४ अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तेच फळ ठेवले तर सालीवर खड्डे आणि डाग पडतात. तेव्हा 'कोल्ड स्टोरेज आहे ना' एवढ्याने भागत नाही.

ही सहा आठवड्यांची मुदत हातात असणे किती गरजेचे आहे, हे बांगलादेशने दाखवून दिले. संत्र्यावरचे तिथले आयातशुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपये होते, ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले आणि आपला माल देशातल्या बाजारात कोसळला. फळ थांबवून धरायची सोय असती, तर सगळ्यांना एकाच आठवड्यात विकावे लागले नसते.

रोजगाराच्या दृष्टीनेही निवड, प्रतवारी, भरणी हे हाताचे काम आहे आणि ते शहरात राहते. हंगाम संपल्यावर तेच क्रेट, वजनकाटे आणि हात राजुरा बाजारच्या मिरचीला उपयोगी पडतील.

शेजारच्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांकडे तर या भागाचा दुसरा उद्योग म्हणूनच पाहायला हवे. इथली कलमे दूरवर जातात आणि राजस्थानातल्या झालावाडकडचा नागपुरी संत्रा आज आपल्याच फळाशी स्पर्धा करतो. मातीच्या वाफ्यातल्या रोपाबरोबर डिंक्या रोगाची फायटोप्थोरा बुरशीही शेतात जाते. निर्जंतुक केलेल्या मिश्रणाच्या पिशवीत, जमिनीपासून निदान २० सेंटिमीटरवर डोळा भरलेले (कलम बांधलेले) प्रमाणित कलम महाग विकले जाईल आणि टिकेलही. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची पद्धत तयार आहे, ती इथे उतरवायला शेडनेट, पाण्याची तपासणी आणि वेळेवर प्रमाणपत्र लागेल.

पाण्याबाबत लपवण्यात अर्थ नाही. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. म्हणून पॅकहाउसचे पाणी गाळून परत वापरण्याची अट परवान्यातच घालावी. टाकाऊ फळ नाल्यात टाकणेही बंद व्हावे. त्याचा बायोगॅस करायचा तर थोडे थोडे शेणात मिसळूनच, कारण सालीतले तेल गॅस तयार करणारे जिवाणू मारते.

यासाठी लागणारा पैसा रसाच्या कारखान्याच्या मानाने फार थोडा आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत मिळते आणि शेतकरी उत्पादक कंपन्या त्यास पात्र आहेत. नगर परिषदेने जागा आणि सांडपाण्याची सोय द्यावी. वीज कंपनीने स्वतंत्र फीडर, म्हणजे वेगळी वीजवाहिनी द्यावी, कारण दुपारी चार-पाच तास वीज गेली की शीतखोलीतल्या फळांना पाणी सुटते आणि बुरशी जागी होते. बाजार समितीने चुरीचे संकलन केंद्र चालवावे. अंबियाची तोडणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. यंत्रे मागवून, बसवून, चाचणी घ्यायला तीन-चार महिने लागतात. तेव्हा जागेचा आणि फीडरचा निर्णय मे महिन्याच्या आत झाला, तरच येता हंगाम सापडेल.

– संत्रा उत्पादक वाचक, वरूड (जि. अमरावती)