खालची चोच नारिंगी

प्रिय मुक्ता,

परवा "बाबा, पुरे" म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. डोळ्यांचा विषय काढणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय. तर नाही काढत.

तू फोटो निवडून ओळी लिहितेस त्या मालिकेचा सहावा भाग पाहिला. आईने नेहमीप्रमाणे आधी तुझं नाव शोधलं. ते नव्हतंच. मी फोटोओळींकडे वळलो. त्या छोट्या खंड्याखाली 'मादी' लिहिलंयस आणि खूणही दिलीयस, खालची चोच नारिंगी, नराची सगळी काळी. छायाचित्रकाराने 'नर' लिहून पाठवलं होतं म्हणालीस ना? मी भिंग घेऊन चोच पाहिली. नारिंगीच! येईल त्याला दाखवतोय. दादालाही दाखवली, त्याला कशाचं काही नाही.

चार हजार फ्रेममधून बारा निवडायच्या म्हणजे रात्र जाणारच, हे मला कळतं. कॅमेऱ्यातल्या १४ बिटच्या रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये एकेका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, साध्या जेपेगमध्ये २५६, हे तूच समजावलंस. पण पानाचा हिरवा जास्त पिवळा झाला की नाही, हे शेवटी डोळाच ठरवणार ना? आणि तोच चुरचुरत असेल तर? स्क्रीनकडे बघताना माणूस पापणी कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांवरचं काही बघत जा. तुझ्या वयात ऐकायचं नसतं हे ठाऊक आहे, पण

काढलाच शेवटी विषय. चुकलो.

तू आठेक वर्षांची होतीस. मी प्रुफं घरी आणायचो. तू मूळ प्रत मोठ्याने वाचायचीस, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून, आणि मी गॅलीवर, म्हणजे तपासायच्या छापील पट्टीवर, खुणा करायचो. एका रात्री मध्येच थांबलीस. "बाबा, हे खोटं आहे. वटवाघूळ पक्षी नसतो." मी म्हटलं, आपलं काम मुळाबरहुकूम. तशीच छापली गेली ती ओळ. अजून सलते.

त्यामुळे त्या घुबडाच्या फोटोओळीत 'पाळीव' शब्द राहावा म्हणून तू भांडलीस, तेव्हा आई घाबरली, काम जाईल म्हणून. मी गप्प होतो, पण खूश होतो. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च बक्षीस मिळालं, आणि लांडगा माणसाळवलेला असावा म्हणून २०१० मध्ये काढूनही घेतलं. हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. घरट्याच्या फाइलमधून जागेचे अक्षांश-रेखांश पुसलेस, कुणी तिथवर पोचू नये म्हणून, तेही बरं केलंस.

माझ्या डाव्या डोळ्यापुढे आता तिसऱ्या ओळीनंतर अक्षरं पोहायला लागतात. तुझं तसं नाही, नुसता कोरडेपणा आहे, डॉक्टर म्हणालेत. मी आईला तेच सांगतो. रात्री दोनला जाग आली की स्वतःलाही सांगतो.

सातव्या भागाच्या फोटोओळी मोठ्या टायपात छापून पाठव. वेलांट्या-उकार मी बघतो, उजवा ठीक आहे अजून. मूळ प्रत आई वाचेल. तिला फक्त स्वल्पविराम म्हणायला शिकवावं लागेल, ती ते गिळते.

तुझा,
बाबा

ता. क. थेंबांची बाटली उघडल्यावर महिनाभरच वापरायची असते म्हणे. तुझी कधी उघडलीस?