ज्येष्ठमध किती आहे, ते बाटलीवर लिहा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: अडुळसा कफ सिरपच्या लेबलवर ज्येष्ठमधाचे प्रमाण व धोक्याची सूचना नसल्याबाबत

महोदय,

आपले अडुळसा सिरप माझ्या आईने यंदाच्या थंडीत पाच आठवडे घेतले, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे. आई ६८ वर्षांची आहे. तिला रक्तदाबाची एक आणि लघवी जास्त होण्यासाठी एक अशा दोन गोळ्या रोज चालू आहेत. खोकला पहिल्या आठवड्यातच बराच कमी झाला, हे मी मान्य करते. पण ‘पूर्णपणे नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत, दीर्घकाळ घेण्यास सुरक्षित’ असे हिरव्या ठळक अक्षरांत छापलेले पाहून तिने ते थांबवले नाही. कफ पुन्हा साचायला नको म्हणून घेतच राहिली.

चौथ्या आठवड्यात तिच्या चपला घट्ट होऊ लागल्या. नंतर नडगीवर बोट दाबले की खळगा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन ती उठून बसायची. एरवी १३०च्या आसपास असणारा वरचा रक्तदाब १८०वर गेला होता. रक्तात पोटॅशियम २.९ निघाले, ते ३.५च्या खाली जाऊ नये. डॉक्टरांनी विचारले, ‘‘काढा किंवा खोकल्याचे काही घेताय का?’’ मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून बारीक अक्षरांतले ‘ज्येष्ठमध अर्क’ हे शब्द वाचले आणि सिरप त्याच दिवशी बंद करायला लावले. पोटॅशियमचे औषध दिले. तीन आठवड्यांनी सूज उतरली, रक्तदाबही जाग्यावर आला.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या घटकामुळे अंगात मीठ आणि पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. लघवीच्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घटवतात. दोन्ही एकदम चालू राहिले तर काय होते, हे आपल्याकडच्या वैद्यांना मी सांगायला हवे का? युरोपात ग्लिसिरायझिन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा सल्ला तज्ज्ञ समितीने दिलेला आहे. आईच्या पोटात रोज किती गेले, हे मला आजही सांगता येत नाही, कारण आपल्या लेबलवर घटकांची नावे आहेत, प्रमाण नाही. औषधे नियम, १९४५ (आधीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर प्रत्येक घटक त्याच्या प्रमाणासह लिहावा लागतो.

अडुळशावर माझा राग नाही. आमच्या कुंपणाला अडुळसाच आहे. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत. पाने वाफवून काढलेला चमचाभर रस मधातून घेतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. म्हणजे ही वनस्पती अंगावर परिणाम करते, आणि जे परिणाम करते त्याला ‘दुष्परिणाम नाहीत’ असे सरसकट कसे म्हणता येईल?

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा, गरोदर भावजयीला हे चालेल का, असेही मी विचारले. ‘‘हर्बल आहे मॅडम, बिनधास्त द्या,’’ असे उत्तर मिळाले. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळायला सांगतात. मला हे आधी माहीत होते म्हणून बरे झाले. ज्यांना माहीत नाही त्यांनी त्या फोनवर विश्वास ठेवला असता.

माझी मागणी अशी आहे: दहा मिलिलीटरमध्ये ज्येष्ठमध आणि ग्लिसिरायझिन किती, ते मला लेखी कळवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही सूचना त्या हिरव्या दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा आणि तो दावा काढून टाका. किती दिवस घ्यायचे, तेही लिहा. फोनवर बसणाऱ्यांना ‘मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा’ एवढे तरी म्हणायला शिकवा. बाटलीचे पैसे मला परत नकोत.

बिल, लेबलचा फोटो आणि आईचे रक्ताचे दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत. उरलेले सिरप बाटलीसकट जपून ठेवले आहे. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर ती बाटली घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाणार आहे.

आपली,
एक ग्राहक