लेडीज बॅचमधल्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

असं चारचौघांत पत्र लिहितेय म्हणून रागावू नका. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, भाजी काय केलीस?" म्हणून विषय मोडता. समोर बोलायला गेलं तर टोपी चढवून सरळ पाण्यात. पाण्याखाली कुणाचे आभार मानता येत नाहीत, हे तुम्ही बरोबर हेरलेलं आहे. म्हणून लिहून टाकते. नाव घालत नाही. तशीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एकीने वाचलं की संध्याकाळच्या आत तुमच्यापर्यंत पोचेलच.

एप्रिल २०२४ मधली ती सकाळ तुम्हाला आठवणार नाही, कारण तुमच्या लेखी त्यात विशेष काही घडलंच नव्हतं. मी उथळ बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होते. वय त्रेचाळीस, पोहण्याचा प म्हणता येत नाही, आणि येत्या हिवाळ्यात ट्रायथलॉन करणार असं ऑफिसात सगळ्यांसमोर बोलून बसलेली. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी करून आले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बेन, वजन उतारवुं छे ने?" ट्रायथलॉन म्हटल्यावर ते हसले. कुत्सित नाही; लहान मूल पायलट होणार म्हणालं की हसतात, तसे. ते जास्त लागलं.

तुम्हालाही तो शब्द नवा होता. "म्हणजे काय काय करायचं?" मी सांगितलं, धाकटी असते त्यात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, सगळं एकामागून एक. तुम्ही बोटांवर हिशेब केलात. "आपला तलाव पंचवीस मीटरचा. म्हणजे तीसदा या टोकापासून त्या टोकापर्यंत." मग गॉगल्स पुसत म्हणालात, "उद्या किती वाजता येतेस?"

काकू, दहा महिने तुम्ही मला एवढंच विचारत राहिलात. "येणार का?" असं एकदाही नाही. "जमेल गं तुला" हे तर नाहीच. जमेल म्हणणारे घरीदारी पुष्कळ होते, आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्यांना "बघू" म्हणून सुटता यायचं. "किती वाजता"ला "बघू" हे उत्तर लागू पडत नाही. सव्वासहा म्हणावं लागतं, आणि एकदा तोंडातून सव्वासहा निघालं की तुम्ही सहा दहाला पायरीवर हजर. किती सकाळी मी फक्त तुम्ही तिथे ताटकळाल या शरमेने उठले, त्याची मोजदाद नाही.

पहिला महिना तर श्वासातच गेला. मी पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरायची, मग वर येऊन एकदम सोडायची आणि घ्यायची, आणि चार हातांत दम संपायचा. तुम्ही म्हणालात, "पाण्यात गणपतीची आरती गुणगुण." मला वाटलं, थट्टा. पण गुणगुणायचं तर नाकातून हवा सुटतेच, मुद्दाम सोडावी लागत नाही, आणि मान वळवली की फक्त घ्यायचं काम उरतं. दोन कडव्यांत मी अर्धा तलाव पार केला. बुडबुड्यांतून येणारा तो बेसूर आवाज ऐकून शेजारच्या लेनमधल्या बेन थांबून बघायला लागल्या होत्या.

आणि तुमचे चिंचोके. फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी, तिच्यात तीस चिंचोके. माझी एक लांबी झाली की एक चिंचोका काठावर. पहिल्याला तुम्ही एक म्हणायच्या नाहीत, धान्य मापताना म्हणतात तसं "लाभ!" म्हणायच्या, मग दोन, तीन. सुरुवातीला माझा हिशेब "लाभ"पाशीच संपायचा. जूनमध्ये अकरा झाले. तुमचे सासरे जुम्मादादांच्या आखाड्यात जायचे आणि तिथले वस्ताद माणिकराव यांच्या वेळच्या बैठकांचे आकडे घरी वहीत मांडायचे, हे तुम्ही त्या अकराच्या दिवशी सांगितलंत. सुनेला मात्र त्या काळात आखाड्याची पायरीही दाखवली नाही कुणी. तुम्ही पाण्यात उतरलात त्या सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांसाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. हे सांगताना तुमचा आवाज जराही बदलला नव्हता. माझाच बदलला.

मग ऑगस्टचा पूर. विश्वामित्री चढली ती आमच्या अकोट्याच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत आली, आणि मगरी रस्त्यावर. सायकल दोन दिवस पार्किंगमध्ये पाण्याखाली. मेकॅनिकने पेडलमधला भाग उघडला तेव्हा आतून ग्रीसऐवजी चहाच्या रंगाचा गाळ निघाला. त्याने तो बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला, जणू माझाच आजार दाखवतोय. मी त्या दिवशी मनातून सोडून दिलं होतं. कुणाला बोलले नाही. तलाव बंद, घरात चिखल, वीज नाही. तुम्ही पिठलं-भाकरीचा डबा पाठवलात, त्यावर चिठ्ठी नाही, धीराचा शब्द नाही. दहाव्या दिवशी फोन: "गच्ची वाळली का तुमची? धावायला किती वाजता जातेस?" गच्ची वाळली होती.

याच मगरींवरून तुम्ही मला पुढचा धडा दिलात. उघड्या पाण्यात तळाला काळी रेघ नसते, समोरचा केशरी फुगा बघत पोहायचं असतं, नाहीतर माणूस भलतीकडेच जातं. बडोद्यात सरावाला नदी आहे, पण तिच्यात उतरायची सोय नाही, आजव्याच्या तलावातही मगरी. मी पूर्ण डोकं बाहेर काढून बघायची, तर कंबर बुडायची आणि गती मरायची. तुम्ही म्हणालात, "काळ्या घोड्याच्या पुलावरून मगर बघितली नाहीस कधी? डोकं कुठे काढते ती? नुसते डोळे." त्या टोकाच्या भिंतीवर लाल बादली ठेवलीत आणि दर सहा हातांनी मला मगर व्हायला लावलंत. नंतर मला कळलं की जगभरचे प्रशिक्षक हे शिकवताना मगरीचंच उदाहरण देतात. त्यांनी बहुधा चित्रात पाहिली असेल.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती नोव्हेंबरातली धुमश्चक्री. मी कुठेतरी वाचलं होतं की सगळे एकदम पाण्यात सुटतात, लाथा बसतात, गॉगल्स उडतात, आणि नवखी माणसं तिथेच घाबरतात. हे तुम्हाला बोलून दाखवण्याची चूक केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही अख्खी लेडीज बॅच गोळा केलीत. आठ-नऊ जणी, कोपरापर्यंत बाह्यांचे कॉश्च्युम, त्यातल्या दोघी आज्या. "हिला सोडायची नाही." आणि शिटी. कुणाचं कोपर माझ्या कानावर, कुणी पाय ओढतंय, तोंडात पाणी, एक जण ओरडतेय, "काकी, आ तो मरी जशे!" मी खरंच काठाला धरून रडले. तुम्ही जवळ आलात, पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "उताणी हो. आकाश बघ. आरती म्हण. मग परत." पाच वेळा करून घेतलंत. पाचव्या वेळी मी एकीला उलट लाथ घातली, तर तीच पाण्यातून टाळ्या वाजवायला लागली. नंतर पायरीवर बसून सगळ्यांनी लीलो चिवडा खाल्ला.

सायकलच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. पादरा गावाच्या रस्त्यावर पहाटे मी पुढे आणि तुम्ही मागे ॲक्टिव्हावर, डोक्याला स्कार्फ, डिकीत आल्याचा चहा. कुत्री तुमच्या हॉर्नला घाबरत, मीही घाबरायची. मात्र सायकलवरून उतरून लगेच धावायचं ते पहिल्यांदा केलं, कमाटीबागेत, तेव्हा पाय दुसऱ्या कुणाचे तरी लावलेत असं वाटलं. गुडघे मोडतच नाहीत. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्ही मोबाईलवर वाचून आला होतात. "सगळ्यांचं होतं म्हणे. पहिली दहा मिनिटं ते पाय तुझे नाहीत असं समज. आपले पाय मागून येतात." आणि खरंच, बाराव्या मिनिटाला ते आले.

तुमचं वाचन हा वेगळाच विषय. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला सुरू झाला, धावणाऱ्या लोकांना सरावात बदल हवा होता म्हणून, आणि १९७८ मध्ये हवाईला पहिली लांब पल्ल्याची आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण निघाले नि १२ पोचले, हे मी मोठ्या भक्तिभावाने सांगत होते. तुम्ही मटार सोलत होतात. "म्हणजे तिघं तेव्हाही राहिलेच," एवढंच म्हणालात. काय सांगू, गोव्याच्या त्या मोठ्या स्पर्धेच्या व्हिडिओंनी माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो त्या एका वाक्याने बराच सैल झाला.

आमच्या पार्किंगमधला तुमचा कारभार मात्र वॉचमन अजून साभिनय करून दाखवतो. प्लास्टिकच्या खुर्चीत तुम्ही, हातात घड्याळ. मी पाण्यातून आल्याचं नाटक करत, ओल्या पायांनी, जोड्यात टाल्कम पावडर टाकून पाय घालायचा. आणि सायकलला हात लावला की तुमची गर्जना: "हेल्मेट आधी!" हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून उचलायची नाही, आणि परत स्टँडला लावल्याशिवाय तो काढायचा नाही, हा नियम तुम्ही माझ्या आधी पाठ केलात. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या मुलांनी तेच वाक्य उचललं. आता मी भाजीची पिशवी घेऊन आले तरी वरून येतं, "हेल्मेट आधी!"

आता त्या दिवसाचं. तुम्हाला फोनवर नुसतं "झालं" सांगितलं होतं, आणि तुम्ही "जेवलीस का?" विचारून ठेवून दिलात. तर सविस्तर असं. फेब्रुवारी, धरणाचं पाणी, गार आणि हिरवट. पहिल्या शंभर मीटरमध्येच एकाचा हात माझ्या गॉगल्सवर बसला, उजव्या डोळ्यात पाणी शिरलं, आणि छाती बंद झाली. किनारा लांब, फुगा त्याहून लांब. मी उताणी झाले. आकाश बघितलं. आरती म्हटली, पूर्ण, मोठ्याने. शेजारून कयाकवाला मुलगा विचारत होता, "ताई, बाहेर काढू का?" त्याच्या कयाकला धरून थांबलं तर चालतं, फक्त पुढे ओढून घ्यायचं नाही, हे तुम्हीच वाचून सांगितलेलं. धरलं. गॉगल्स नीट केले. मनात म्हटलं "लाभ", आणि सुटले. पुढे मोजत गेले ते अठरानंतर आकडा हरवला, पण तोवर फुगा मागे पडला होता.

सायकलवर वारा समोरून, पाय मागून, सगळं तुम्ही म्हणालात तसंच. धावताना शेवटच्या किलोमीटरला ऊन चढलं आणि मी चालले. हे लपवत नाही. दोन तास अकरा मिनिटं. आमच्या गटात शेवटून तिसरी. मागे दोघी होत्या, त्यांच्यासाठी थांबून मी ओरडत राहिले. काय ओरडावं सुचेना. "शाबास" वगैरे सगळे ओरडतच होते. मग एकीला, ती शेवटच्या वळणावर कोसळायच्या बेतात असताना, मी विचारलं, "नाष्ट्याला किती वाजता भेटायचं?" तिने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "साडेदहा."

भेटलो. मिसळ खाल्ली. सांगलीची आहे. पुढच्या महिन्यात बडोद्याला मावशीकडे येतेय, लेडीज बॅच बघायची म्हणते. सव्वासहा सांगितलंय.

घरच्या सगळ्यांना नमस्कार. गुडघे सांभाळा. जिना चढताना उजवा आधी टाका, तुम्हीच मला सांगता आणि स्वतः डावा टाकता.

तुमची,
तिसऱ्या लेनमधली

ता. क. तुमच्या डबीत एकोणतीसच निघतील. एक चिंचोका त्या दिवशी माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात होता, मी न विचारता उचलला. दोनदा मशीनमध्ये धुऊन निघालाय, फुगून जरा फुटलाय. तो परत देत नाही. बाजारातून नवा आणते.